केझाया मावशीची साक्ष

आमच्या ॲकन्शॉ गावात माणूस ओळखायचा असेल तर त्याच्या तोंडाकडे बघू नये, पायांकडे बघावं, असं माझे वडील म्हणायचे. ते क्लॉग, म्हणजे गिरणीत घालायचे लाकडी बूट, बनवायचे आणि त्यांच्यामागे मीही जन्मभर तेच केलं. लाकडी तळ, वर जाड चामडं, खाली घोड्याच्या नालेसारखी लोखंडी पट्टी. सकाळी गिरणीचा भोंगा वाजला की चारशे जोड दगडी रस्त्यावरून असे खडखडत जायचे की झोपलेला माणूस झोपेतच कामाला निघायचा. पट्टी झिजली की लोक दुकानात येत, बाकावर बसून मोज्यातले पाय शेगडीकडे करत आणि माझी ठोकाठोक संपेपर्यंत बोलत राहत. चौदाव्या वर्षी माझी शाळा सुटली. पुढचं सगळं शिक्षण त्या बाकानं केलं.

त्या बाकावर बसून गेलेल्यांपैकी एकाच माणसाची गोष्ट सांग म्हणालात तर मी केझाया मावशीची सांगेन. नात्यानं ती माझी कुणी नव्हे. पण आईच्या शेजारच्या मागावर तीस वर्षं उभी राहिलेली बाई ही मावशी नाही तर कोण?

पूर्ण नाव केझाया ग्रीनवूड. ओढ्याकाठच्या घरांच्या ओळीतलं शेवटचं घर तिचं. बाराव्या वर्षी गिरणीत लागली. तेव्हा सकाळी गिरणी आणि दुपारी शाळा अशी रीत होती, त्यामुळे शाळेत ती फक्त झोपली. मास्तरही शहाणे, ते म्हणायचे, "केझायाला उठवू नका, तिची पाळी संपलीय." पुढे पन्नास वर्षं तिनं चार-चार माग सांभाळले. मागखात्यात असा गदारोळ की शेजारी तोफ उडाली तरी कळू नये. म्हणून आमच्या बाया तिथं आवाजानं बोलतच नसत. ओठ मोठे मोठे हलवायचे, भुवया उडवायच्या, जरूर पडली तर कोपरानं खूण करायची. खात्याच्या या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला अख्ख्या बाळंतपणाची हकिगत सांगायची, धोटा क्षणभर न थांबवता. घरी आल्यावरही ती सवय सुटत नसे. चॅपेलात केझाया मावशी डावीकडच्या बाकावर आणि माझी आई उजवीकडच्या, आणि प्रवचन चालू असताना दोघींची आल्याच्या केकवर चर्चा. गुळाची काकवी किती, ओटाचं पीठ किती. एकदा नवीन धर्मोपदेशक आले होते. प्रवचनानंतर ते सगळ्यांसमोर म्हणाले, "या दोन भगिनींचे ओठ तासभर प्रार्थनेत हलत होते. अशी भक्ती मी शहरात पाहिली नाही." आई लाजून लाल झाली. मावशी म्हणाली, "भक्ती व्हतीच की. केक बी चांगला झाला."

बोलणं तिचं असं, आजीच्या वेळचं. शाळेच्या हेडमास्तरांनी एकदा तिला टोकलं, "मिसेस ग्रीनवूड, जरा सरळ बोलत जा, मुलं तुमचं ऐकून बिघडतात." तर म्हणते, "सरळ ऱ्हायला मी काय तुमच्या हातातली छडी हाय?"

आता मूळ गोष्टीकडे येतो. मला आडवाटेला जायची खोड आहे, पण ही गोष्ट वाटेचीच आहे, तेव्हा चालायचंच.

तिच्या घराच्या मागून एक पायवाट निघते. दोन उभ्या दगडांमधल्या चिंचोळ्या फटीतून कुंपणाच्या भिंतीपलीकडे जायचं, मग स्कार फार्मच्या कुरणातून तिरकं वर चढायचं, आणखी एक फट, की आलीच चॅपेलची दफनभूमी. चॅपेल गावात खाली, पण मेलेली माणसं वर माळाच्या कडेला, कारण खाली ओल फार. वाटेनं पंधरा मिनिटं लागतात. रस्त्यानं जायचं तर अडीच मैल, आणि चढ असा की कोळशाच्या गाडीचा घोडाही मधे दोनदा थांबतो.

वर तिची ॲलिस आहे. सहा वर्षांची होती, घटसर्पानं गेली, एकोणीसशे एकवीस साली फेब्रुवारीत. पुढे नवराही तिच्याशेजारी गेला. विल्फ्रेड माणूस चांगला होता, पण मावशी वर जायची ती ॲलिसकडे, हे विल्फ्रेडलाही ठाऊक होतं. दर रविवारी दुपारी, जेवणाची भांडी झाली की खिशात कात्री घालून निघायची. गवत कापायची, दगड पुसायची, आठवड्याच्या बातम्या सांगायची आणि चहाच्या वेळेला परत. बत्तीस वर्षं.

त्रेपन्न साली मार्चमध्ये त्या फटीत काटेरी तार आली. वर पाटी, 'खाजगी'.

स्कार फार्म नव्या माणसानं घेतलं होतं. मिस्टर डेनबी, शहरात गालिचांचं दुकान होतं, ते विकून कोंबड्या पाळायला आमच्याकडे आले. माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगतो, कारण नंतर गावात त्याला शिंगं असल्यासारखं बोलायला लागले. वाटेनं जाणाऱ्या कुणाच्या तरी कुत्र्यानं एका दुपारी त्याच्या नऊ पांढऱ्या कोंबड्या मारल्या. त्या कोंबड्यांना त्यानं नावं ठेवली होती. माझ्या बाकावर बसून त्यानं नऊच्या नऊ नावं मला सांगितली. पण तार ती तारच.

मावशी रस्त्यानं दोनदा गेली. तिचे गुडघे तोवर पार गेले होते, ओल्या फरशीवर पन्नास वर्षं उभं राहून दुसरं काय होणार? दुसऱ्या वेळी दूधवाल्यानं तिला गाडीत घालून घरी आणलं, दुधाच्या कॅनांच्या मधे बसवून. त्यानंतर तिचं वर जाणं बंद झालं. मी म्हणालो, "मावशी, मी जाऊन गवत कापून येतो."

"खबरदार," ती म्हणाली. "सहा वर्सं तिचे केस म्याच विंचरलेत. दुसऱ्याचा हात लागला की रडायची."

मी पुन्हा विषय काढला नाही.

नेमकं त्याच वर्षी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीनं फर्मान काढलं की गावोगावच्या सगळ्या पायवाटा नकाशावर घ्यायच्या. ज्या वाटेनं लोक वीस वर्षं कुणाची परवानगी न घेता, कुणी न अडवता चालले, ती वाट लोकांची. आम्ही वरची वाट नकाशावर घातली. डेनबीनं हरकत घेतली. तेव्हा ठरलं की सप्टेंबरात तपासनीस येणार आणि दोन्ही बाजूंच्या साक्षी ऐकणार.

आमच्या बाजूचा सेनापती एमस क्रॅबट्री. पंचाहत्तर वर्षांचा, एकेकाळी दगडाच्या खाणीत होता. माझ्या बाकाचा एक कोपरा त्याच्या बुडानं खोलगट झाला होता. एमसला कायद्याची फिकीर नव्हती, कारण त्याच्याकडे त्याहून मोठा कायदा होता.

"प्रेत गेलं की वाट झाली!" तो बाकावर काठी आपटून म्हणायचा. "ज्या वाटेनं एकदा पेटी खांद्यावरून गेली ती वाट कयामतीपर्यंत लोकांची. राजाला बी बंद करता येत न्हाई. माझ्या आज्यानं सांगितलंय."

हे आमच्याकडे पोराटोरांनाही माहीत. डोंगराच्या दोन्ही अंगांच्या सगळ्या खेड्यांत हेच सांगतात. कुठल्या पुस्तकात आहे म्हणून विचारलं तर कुणालाच सांगता येत नाही, पण खोटं म्हणायची हिंमतही कुणात नाही.

"मग ह्या वाटेनं प्रेत गेलंय का?" मी विचारलं.

"न्हाई गेलं तर मी जातो की! आठ दिवसांत मरून दावतो. तुम्ही फकस्त मला कुरणातनं न्या. डेनबी काय प्रेताला अडवतो व्हय?"

"एमस, तू मागल्या वर्षी बी मरणार व्हतास," बाकावरची एक बाई म्हणाली. "आमी केक करून ठेवला व्हता."

पण एमसला मरायची गरज पडली नाही. कुणाला तरी आठवलं की ॲलिसची पेटी या वाटेनंच गेली होती. रस्ता बर्फानं बंद होता त्या आठवड्यात. आमच्याकडची रीत अशी की लहान मुलीची पेटी तिच्याच शाळेतल्या चार मुली नेतात, पांढरे झगे घालून, पेटीखालून पांढरे टॉवेल घेऊन. त्या चौघींतल्या तिघी अजून गावात होत्या, आता पोराबाळांच्या आया. तिघीही म्हणाल्या, हो, आम्हीच नेली, कुरणातून, पाय घोट्यापर्यंत बर्फात.

एमसनं काठी शेगडीच्या पत्र्यावर अशी वाजवली की माझ्या तोंडातले खिळे पडले. "जिंकलो! केझाया, तुज्या पोरीनं वाट राखली बघ!"

केझाया मावशी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. तिच्या क्लॉगची पट्टी मी बदलत होतो. एमस शेजाऱ्याला खाणीतली गोष्ट सांगायला वळला, तेव्हा मावशीनं माझ्या बुटाला पायाचा अंगठा लावला. मी वर पाहिलं. तिनं आवाज न करता ओठ हलवले. मी विणकरणीचा मुलगा, ही भाषा मी आईच्या दुधाबरोबर शिकलेली.

टाचणी दिली व्हती, ती म्हणाली.

आता हे सांगितलंच पाहिजे. प्रेत गेलं की वाट झाली, हे जसं आमचे लोक मानतात, तसं शेतकरीही मानायचे, आणि म्हणून त्यांनी त्यावर तोड काढली होती. प्रेत आपल्या जमिनीतून जाताना मालकानं एक टाचणी मागून घ्यायची. टाचणी दिली म्हणजे तुम्ही जाण्याचं मोल दिलं. मोल दिलं म्हणजे तुम्ही मालकाच्या मर्जीनं गेलात, आणि वाट झाली नाही. एका टाचणीत अख्खी वाट परत.

तिनं मला सगळं ओठांनीच सांगितलं. मुली पुढे निघून गेल्या होत्या. पुरुषही. तेव्हाची शेतकरीण, रशवर्थबाई, फाटकाशी एप्रन पसरून उभी होती. वाईट बाई नव्हती, तीही रडतच होती, पण नवऱ्यानं सांगून ठेवलेलं. बाकीच्यांना टाचणीचं भानच नव्हतं. तेव्हा मावशीनं स्वतःच्या शालीची टाचणी काढली आणि त्या एप्रनमध्ये टाकली. मग शाल वाऱ्यानं उघडी पडली आणि वरपर्यंत ती उघड्या गळ्यानं गेली.

"मग आता गप बसा, मावशी," मी हळूच म्हणालो. "ह्ये कुणाला ठाव न्हाई. कोन इचारनार?"

आणि इचारलं तर? तिचे ओठ म्हणाले.

मी खिळा ठोकला. दुसरं काय करणार?

चॅपेलात दर रविवारी पोरांची शाळा भरते त्या खोलीत सप्टेंबरातल्या एका सोमवारी सुनावणी झाली. मोठ्यांच्या खुर्च्या कमी पडल्या म्हणून निम्मं गाव पोरांच्या बुटक्या बाकांवर गुडघे हनुवटीला लावून बसलेलं. तपासनीस मिस्टर अपटन, बारीक, चष्मेवाले, सर्दी झालेले. डेनबीच्या बाजूनं शहरातले वकील, मिस्टर फॅरर. त्यांचे बूट पाहूनच मी ओळखलं की हा माणूस कुरणात गेलेला नाही.

एमस आधी उठला आणि त्यानं प्रेताचा कायदा सांगितला, आज्याच्या नावासकट. मिस्टर अपटननी नाक पुसत सगळं लिहून घेतलं. मग फॅरर वकील उभे राहिले.

"मिस्टर क्रॅबट्री, तुमच्या भागात अशा वेळी मालकाला टाचणी देण्याची प्रथा आहे, असं मी ऐकतो. बरोबर?"

रशवर्थांची मुलगी लग्न होऊन शहरात गेली होती, तिच्याकडून कळलं असणार.

"टाचणी?" एमस म्हणाला. "कसली टाचणी? माझ्या पँटीला बी टाचणी न्हाई, बटनं हायत. बघायची असली तर..."

"नको, नको," मिस्टर अपटन म्हणाले.

लोक हसले, एमस विजयी होऊन बसला आणि मावशीचं नाव पुकारलं गेलं. ती आली, काळी टोपी, काळा कोट, हातात हात घट्ट. वकील तिच्याशी नरमाईनं बोलले, ते मान्य केलं पाहिजे.

"मिसेस ग्रीनवूड, तुमच्या दुःखाची आठवण काढावी लागते याबद्दल मला वाईट वाटतं. एकच विचारतो. मुलीला नेलं त्या दिवशी मालकाला टाचणी दिली गेली होती का?"

मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो. मागच्या बाकांवरच्या विणकरणींनी ओठ हलवायला सुरुवात केली. एकीचे, दोघींचे, मग सगळ्यांचे. न्हाई म्हन. न्हाई म्हन, केझाया. आवाज एकही नाही, आणि तरी खोली गजबजलेली. वकिलांना त्यातलं काही दिसलं नाही. मावशीला सगळं दिसत होतं.

"दिली व्हती," ती म्हणाली. "मीच दिली. माझ्या शालीची."

"घात केला बाईनं!" एमस ओरडला, आणि कुणीतरी त्याला कोटाला धरून खाली बसवलं.

फॅरर वकिलांनी कागद मिटला. "म्हणजे, साहेब, या कुटुंबाला आणि या गावाला पक्कं माहीत होतं की हे जाणं मालकाच्या मेहेरबानीवर आहे. माझं म्हणणं इथंच संपतं."

मावशी जायला वळली. तिचा चेहरा पाहवत नव्हता. वाट गेली, आणि तीही स्वतःच्या हातानं, असंच त्या खोलीतल्या प्रत्येकाला वाटलं.

"एक मिनिट," मिस्टर अपटन शिंकून म्हणाले. "बसा, बाई. माझ्या पुस्तकात प्रेत नाही आणि टाचणीही नाही. दोन्ही मी आज पहिल्यांदाच ऐकतोय. मला वेगळं विचारायचंय. त्या दिवसानंतर तुम्ही या वाटेनं कधी गेलात?"

"कधी म्हंजे?" मावशी म्हणाली. "ऐतवारी."

"किती ऐतवारी?"

"सगळ्या."

"एखाद-दुसरा सांगू शकाल? तारखेसकट?"

बास. तिला कुणी असं विचारायचीच खोटी होती. पन्नास वर्षं कापडाच्या प्रत्येक ताग्यात कुठं धागा तुटला हे लक्षात ठेवलेली बाई ती. तिनं सुरुवात केली तेतीस सालापासून, कारण फर्मानात वीस वर्षं म्हटलं होतं. तेतीस सालचा ईस्टर, मेंढ्या वाटेवर बसल्या होत्या आणि रशवर्थ स्वतः म्हणाला, थांब केझाया, उठवतो त्यांना. पस्तीस साली राजाच्या जुबिलीला गावचा बँड वाटेनं माळावर निघाला, तेव्हा वाजवणाऱ्यांतला सगळ्यात जाडा हर्बर्ट त्याच्या त्या भल्यामोठ्या पितळी भोंग्यासकट फटीत अडकला. पुढे जाईना, मागे येईना. शेवटी त्याच्या पोटाला लोणी चोळून काढला, आणि लोणी कुणाचं? रशवर्थबाईचं! अडतीस साली विल्फ्रेड गेला, तो मोटारीनं रस्त्यानं गेला, पण ती स्वतः वाटेनं गेली, कारण मोटारीत तिला मळमळतं. चाळीसच्या बर्फात ती आणि माझी आई दोरी बांधून गेल्या. युद्धात दिवे बंद असताना अख्खी रात्रपाळी त्या वाटेनं दफनभूमीपलीकडच्या वरच्या गिरणीला जायची, एकीच्या खांद्यावर दुसरीचा हात. आणि शेहेचाळीस साली...

मिस्टर अपटनांची पेन्सिल मोडली. दुसरी घेतली. मागच्या बाकांवरून आता आवाज यायला लागले. "व्हय व्हय, मी बी व्हते!" "हर्बर्टला तर मीच ढकललं!" हर्बर्ट तिथंच होता, तो उभा राहून म्हणाला, "चार जणींनी ढकललं, साहेब, आणि एकीनं चिमटा बी काढला. कोन ती अजून कळलं न्हाई."

"आणि या सगळ्या वर्षांत," मिस्टर अपटननी आवाज चढवून विचारलं, "तुम्ही कुणाची परवानगी घेतलीत का, मिसेस ग्रीनवूड?"

मावशीला प्रश्नच कळेना.

"बाळा," ती म्हणाली, "तू आज ठेसनापासनं हितं चालत आलास न्हवं?"

"आलो."

"कुनाला इचारलंस?"

फॅरर वकील उठले. "पण बाई, तुम्ही स्वतःच सांगितलंत की टाचणी दिली."

"दिली की. त्या दिवशी मागितली, दिली. माझं लेकरू जात व्हतं, कुनी शाल मागितली असती तरी दिली असती." ती वकिलांकडे वळली. "पर त्यानंतर कुनी मागितलीच न्हाई. ना रशवर्थनं, ना त्याच्या बाईनं. उलट ती आमाला ताक द्यायची. मागितली असती तर मी न्हाई म्हनाले असते का? मी टाचणीबद्दल खोटं बोलले न्हाई, मग ताकाबद्दल कशापायी बोलू?"

मिस्टर अपटन बराच वेळ लिहीत होते. ते शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा अधोरेखित केलं. मी पुढच्याच बाकावर होतो, मला दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाट पाहायला आले. डेनबीनं त्या दिवसापुरती तार काढली होती. नियम असा की वाट बघताना कुणी वादाचं बोलायचं नाही, दोन्ही बाजूंनी तोंड बंद. आम्ही दहा-बारा जण मागून निघालो. पुरुष मुकाट. बाया मात्र सारख्या ओठांनी बोलत. अपटनसाहेब मधेच वळून बघत आणि त्यांना काय चाललंय ते कळेना. त्यांनी मला हळूच विचारलं, "यांना काही त्रास होतोय का?"

"न्हाई साहेब," मी म्हणालो, "नियम पाळतायत."

मावशी पुढे होती. कुणाचा हात धरायला तयार नाही. फटीपाशी आली तेव्हा ती डेनबीच्या कोंबड्यांकडे बघत होती, दगडांकडे नाही. आणि न बघताच तिचा डावा हात उजव्या दगडाच्या वरच्या टोकाला गेला, तिथं हाताएवढा एक खळगा होता, गुळगुळीत. हात त्यात बसला, ती आडवी झाली, आत गेली. पुढे ओल्या जागी तिनं पाय उचलून लांब टाकला, तिथं गवताखाली दगड होता, तो आम्हाला पाय ठेवल्यावरच कळला. अपटनसाहेबांना तर घोट्यापर्यंत चिखल लागल्यावर कळला. ते तिथेच उभे राहिले आणि तिच्या पाठीकडे बघत राहिले. वकील फाटकाशीच थांबले होते, बुटांमुळे. डेनबी मात्र सगळी वाट आमच्याबरोबर आला. वरच्या फटीशी त्यानं मावशीला हात दिला, तिनं तो घेतला नाही, पण म्हणाली, "तुमच्या कोंबड्या देखण्या हायत." नियम मोडला, पण अपटनसाहेबांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

वर गवत गुडघाभर वाढलं होतं. मावशीच्या खिशात कात्री होती, मला कोटाच्या वरून दिसली. पण इतक्या माणसांसमोर तिनं ती काढली नाही. नुसती उभी राहिली. मग आम्ही सगळे खाली आलो आणि डेनबीनं तार पुन्हा बसवली, कारण निकाल लागायचा होता.

सात आठवडे. त्या सात आठवड्यांत एमस मावशीशी बोलला नाही. बाकावर ती आली की तो पाठ करून बसायचा. मावशी म्हणायची, "एमसची पाठ त्याच्या तोंडापरीस बरी हाय." पण रात्री तिला झोप नव्हती, हे तिच्या शेजारणीनं मला सांगितलं. आपल्या खरेपणापायी लेकराकडची वाट गेली तर काय, हे ती रोज भिंतीला विचारायची. वकिलाला खोटं सांगता आलं असतं, शेजारणीला म्हणाली, पण मग रविवारी वर जाऊन ॲलिसला काय सांगणार होते?

नोव्हेंबरात निकालाचं लांब पाकीट आलं. मी ते दुकानात मोठ्यानं वाचलं, चार पानं, आणि त्यातलं आमच्या कामाचं वाक्य तिसऱ्या पानावर. साक्षीदार क्रॅबट्री यांच्या जबानीवर विसंबता येत नाही, असं लिहिलं होतं. साक्षीदार मिसेस ग्रीनवूड यांनी स्वतःच्या बाजूला धक्का बसेल असं असूनही सत्य सांगितलं, म्हणून त्यांच्या बाकीच्या प्रत्येक शब्दावर आपण विश्वास ठेवतो, असं लिहिलं होतं. वाट लोकांची.

एमस पाठ करूनच बसला होता, त्यानं तोंड इकडे केलं. "विसंबता येत न्हाई म्हंजे काय रं?" त्यानं मला विचारलं.

"म्हंजे तू थोर मानूस हायस," मावशी म्हणाली, आणि त्याला आपल्या डब्यातला केकचा तुकडा दिला.

त्या रविवारी डेनबीनं पक्कड घेऊन स्वतः तार काढली. कुरणात वाटेच्या कडेनं त्यानं कोंबड्यांसाठी जाळी लावली होती. दुपारी आम्ही सगळे जेवणं तशीच टाकून ओढ्याकाठी जमलो, चांगले कपडे घालून. बँडही आला होता, वाद्यं पुसून. मिरवणुकीनं वर जायचं ठरवलं होतं आम्ही, मावशीला पुढे घालून.

मावशी दार उघडून बाहेर आली आणि आम्हाला पाहून उंबऱ्यातच थांबली.

"ह्ये काय? जत्रा हाय का?"

"तुज्यासाठीच की, केझाया," एमस म्हणाला. "समद्या गावानं वाट जिंकली."

"मग समद्या गावानं चाला उद्यापासनं, कुनी न्हाई म्हनलंय? आज न्हाई." तिनं टोपीची गाठ घट्ट केली. "आठ महिने झालेत. तिच्याशी माझं बोलनं हाय. घरी जावा, जेवनं थंड होतील."

बँडवाल्यांनी टोप्या काढल्या. मावशी घराला वळसा घालून मागे गेली, फटीतून पलीकडे झाली आणि कुरणातून तिरकी वर चढायला लागली, हळूहळू, दर वीस पावलांनी थांबत. वरच्या भिंतीआड दिसेनाशी होईपर्यंत आम्ही तिथं उभे होतो. मग एकेक जण जेवायला घरी गेला.